चारशे बारा निरोप पोचले

मोबाइलची कल्पना गणपतराव मगदुमांची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते स्वतः भेटेल त्याला पहिल्यांदा हेच सांगतात. ऐकणारा "असं व्हय?" म्हणतो आणि उसाच्या दरावर बोलायला लागतो, हे त्यांचं खरं दुखणं.

कल्पना अध्यक्षांची. मंगळवार पेठेतल्या गुरुकृपा कीर्तनसेवा मंडळाचे अध्यक्ष शिवाप्पा आजरी म्हणजे गुळाचे अडत व्यापारी. कपाळावर तीन बोटं भस्म, आणि आख्यान रंगलं की डोळ्यांना धार. माणूस सोन्यासारखा, पण नव्या वस्तूचा भारी सोस. पेठेतला पहिला मिक्सर त्यांचा. पहिला फॅक्सही त्यांचाच, आणि तो वर्षभर मुका राहिला, कारण ज्याला पाठवायचा त्याच्याकडे फॅक्स नव्हता. अशा माणसाच्या पुतण्यानं बेळगावात कॉम्प्युटर शिकून राजारामपुरीत काचेच्या दाराचं ऑफिस टाकलं, तेव्हाच खरं तर मंडळाची घटका भरली होती. साल दोन हजार सात.

"काका, आता सगळ्या संस्था मोबाइलवर चालाय लागल्यात," पुतण्या बसवेश बैठकीत म्हणाला. "कारखाना तोडणीचा निरोप मोबाइलवर देतोय. दूधवाल्यांची गाडी कुठं आली ते मोबाइलवर कळतंय. आपलं मंडळ बी संस्थाच की. मी अॅप्लिकेशन करून देतो. एक बटण दाबायचं, चारशे बारा घरांस्नी कीर्तनाचा निरोप. कोण येणार, कोण न्हाय, तेबी उलट टपाली. तेवढ्याच माणसांची खीर शिजवायची."

शिवाप्पांनी डोळे मिटून मान डोलावली. अशी मान ते फक्त भैरवीला डोलावत.

"आन् केरबा?" गणपतरावांनी विचारलं. हे त्यांनी विचारलं होतं, याची नोंद व्हावी. मात्र इतिवृत्तात ती नाही, कारण इतिवृत्त लिहिणारे चिटणीस तेच होते आणि त्या वेळी त्यांचं पेन थांबलं होतं.

केरबा म्हणजे मंडळाची वर्दी, उंबऱ्यापर्यंत चालत येणारं बोलावणं. कीर्तनाच्या दोन दिवस आधी धुतलेलं धोतर आणि गुलाबी पटका घालून तो सायकल काढायचा. प्रत्येक उंबऱ्यापुढं उतरायचं, घंटी वाजवायची, घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचं आणि हात जोडून म्हणायचं, "देवाचं बोलावणं हाय. अमक्या बुवांचं कीर्तन, अमकं आख्यान. समद्यांनी यायचं." मग हातावर ठेवलेला गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि पुढचा उंबरा. कुठल्या घरात सुतक, कुठले दोन भाऊ एका ओसरीवर राहून बोलत नाहीत म्हणून वर्दी दोनदा द्यायची, आंधळ्या बाळाबाईला हाताला धरून कुणी आणायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. तीस वर्षांत एक उंबरा चुकला नव्हता. आणि पेठेचाही नेम होता, उंबऱ्याला वर्दी आल्याशिवाय कीर्तनाला जायचं नाही. आपणहून जाऊन बसायला आपण काय हावरे आहोत?

हा नेम बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पण जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सांगायची कुणाची, हे आपल्याकडं ठरलेलं नसतं.

"केरबाचं वय झालं," शिवाप्पा मायेनं म्हणाले. "त्याला आता कशाला पायपीट? चिटणीस, तुमीच सांगा त्याला नीट."

गणपतरावांना ही गोष्ट लागली ती एका वेगळ्याच कारणानं. या खेपेचं कीर्तन नेसरीच्या बुवांचं होतं. बुवांची ऐंशी उलटली होती. त्यांचं कार्ड आलं होतं: "आवाज साथ देत नाही. कोल्हापुरात एकदा उभा राहतो आणि चिपळ्या देवापुढे ठेवतो. पेठेला डोळे भरून बघायचं आहे." हे कार्ड गणपतरावांनी ज्ञानेश्वरीत ठेवलं होतं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी याच बुवांकडून देव पहिल्यांदा ऐकला होता. आयुष्यात त्यांनी फार थोडं मागितलं, पण त्या संध्याकाळी मैदान भरलेलं असावं, एवढं मात्र मागितलं होतं.

केरबाला त्यांनी सांगितलं ते असं: "केरबा, या खेपेला तू विश्रांती घे."

"दमलोय म्हणून कोण म्हणालं?"

"तसं न्हवं. निरोप आता मोबाइलवर जाणार."

केरबानं सायकलची चेन पुसायला घेतली. "मग बाळाबाईला हाताला धरून कोण आणणार? मोबाइल?"

"अध्यक्षांनी ठरवलंय."

"आन् तुमी?"

"मी काय," गणपतराव म्हणाले, "मी चिटणीस."

याहून नेमकं वाक्य त्यांना पुढं कधी सुचलं नाही, आणि ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटतं.

मग सुरू झाली सिमकार्डाची यात्रा. मंडळाच्या नावानं कार्ड पाहिजे होतं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "अर्जदार?"

"गुरुकृपा कीर्तनसेवा मंडळ."

"जन्मतारीख?"

"नोंदणी एकाहत्तर सालची."

"वडिलांचं नाव?"

गणपतरावांनी मंडळाच्या नोंदणीचा दाखला पुढं सरकवला.

"वडील नसतील तर पतीचं घाला. आणि फोटो दोन. कान दिसले पाहिजेत."

"मंडळाचे?"

"अर्जदाराचे."

बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात हेडक्लार्क म्हणून गणपतरावांनी स्वतः शेकडो अर्जांवर "त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा" असा शेरा मारला होता. केलेलं कर्म फिरून येतं, असं बुवा सांगत. पण ते चौऱ्याऐंशी नंबरचं टोकन हातात देऊन बाकड्यावर बसवतं, हे बुवांनीही कधी सांगितलं नव्हतं. चौथ्या खेपेला त्यांनी शरणागती पत्करली. स्वतःचं नाव, स्वतःचे वडील, स्वतःचे कान. कार्ड त्यांच्या नावावर निघालं. म्हणजे पेठेत जे काही जाणार ते गणपतराव मगदुमांकडून, हे सरकारदरबारी पक्कं झालं.

नंबर गोळा करायला निघाले तर निराळीच तऱ्हा. निम्म्या घरांनी दिला तो पोराचा नंबर, आणि पोरगं पुण्यात. एकानं जावयाचा दिला, "कारण त्याचा फोन भारी हाय." नऊ घरांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा दिला. पूर्वी सगळ्या गल्लीचे फोन तिथंच यायचे, दुकानदार पोरगं पाठवून बोलावून घ्यायचा. ती सवय अजून गेली नव्हती. शेजारच्या आक्कांनी कंपाउंडवरून मान काढून सल्ला दिला, "मी सांगतो ऐका गणपतराव, नंबर कुणाचा मागू नगासा. नंबर दिला की कंपनीवाली बाई फोन करून गाणी विकती. आमच्या ह्यांनी एकदा व्हय म्हटलं तर दोन म्हैने फोनातनं नागीण वाजत हुती." एवढं बोलून त्यांनी नंबर दिला. तोही जावयाचा.

खरी कत्तल झाली ती मजकुराची. मंडळाचं छापील पत्रक कसं, "श्रीकृपेकरून" पासून सुरू व्हायचं आणि "सहकुटुंब सहपरिवार येऊन श्रवणसुखाचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती" इथं टेकायचं. बसवेश म्हणाला, अक्षरं एकशे साठ, आणि तीही इंग्रजी. मराठी पाठवलं तर निम्म्या फोनांवर नुसते चौकोन दिसतात. त्या एकशे साठांतली नव्वद त्याच्या कंपनीचं नाव, गल्ली आणि दोन फोन यांत गेली, कारण काम त्यानं सेवा म्हणून केलं होतं. उरलेल्या जागेत देव बसवायचा होता. पहिल्यांदा श्रीकृपा गेली. मग ह.भ.प. गेलं. मग सहकुटुंब आणि सहपरिवार हातात हात घालून गेले. आख्यानाला तर जागाच नव्हती, त्यामुळं ते कुठलं हे कुणी बुवांना विचारलंही नाही. शेवटी राहिलं ते एवढं: "कीर्तन. नेसरीकर. रवि सहा. मैदान. यावे. येणार १ दाबा. नाही २ दाबा."

"हे बोलावणं हाय का समन्स?" गणपतरावांची बायको इंदुमती म्हणाली.

आदल्या बुधवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे मंगळवार पेठ घोरत असताना, बसवेशनं चाचणी म्हणून "टेस्ट" एवढाच शब्द चारशे बारा ठिकाणी सोडला. संध्याकाळपर्यंत गणपतरावांना एकशे सत्तर मिस कॉल आले. फोन उचलावा तर पलीकडून, "कोण बोलतंय?"

"तुमी कोण?"

"फोन कुणी केलता, तुमी का मी?"

"तुमीच केलासा की आत्ता!"

"मग कोण बोलतंय ते सांगा की!"

चिपळूणहून कुणाच्या तरी जावयानं सांगितलं, "टेस्ट चांगली हाय, पण आमी घेणार न्हाय." किराणा दुकानदार स्वतः चालत आला. त्याला नऊ वेळा टेस्ट आली होती. नऊ घरांत सांगून आलोय, म्हणाला, पण काय सांगितलं ते मलाच कळलं न्हाय.

शुक्रवारी मात्र खरा निरोप गेला आणि चमत्कार झाला. उत्तरं पावसासारखी आली. शनिवारी रात्रीपर्यंत दोनशे सत्त्याऐंशी जणांनी एक दाबला होता. दोन दाबणारा माणूस अख्ख्या पेठेत एकच, एसटीच्या वर्कशॉपमधला दादासो. शिवाप्पांनी तीनशे माणसांच्या गव्हाच्या कणीच्या खिरीची काहील चढवायला सांगितली. गणपतरावांनी बुवांचं कार्ड काढून पुन्हा वाचलं आणि केरबाची आठवण गिळून टाकली. यश आलं की अशा आठवणी लवकर गिळल्या जातात.

रविवारी साडेपाचला, इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले, तर आक्का अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या.

"आक्का, आवरा की! सहाला सुरू हाय."

"आमी न्हाय येत."

"का वं? तुमी एक दाबलासा न्हवं?"

"दाबला की. देवाच्या कामाला न्हाय म्हणायचं पाप कोण घेतंय? जावयाला बी फोन करून सांगितलं, एकच दाब म्हणून." आक्कांनी एक खडा टिपून बाहेर टाकला. "पण उंबऱ्याला कोण आलं बोलवाय? केरबा आला न्हाय, पटका दिसला न्हाय. म्हटलं, औंदा आपल्याला धरलं न्हाय वाटतं मंडळानं. असू दे."

गणपतराव गल्लीत आले. गल्लीभर दारं उघडी होती. दारादारात माणसं धुतलेल्या कपड्यांत बसली होती आणि एकमेकांकडं बघत होती. प्रत्येकाला वाटत होतं, वर्दी आपल्यालाच चुकली. बाकीच्यांना आली असेल. विचारायचं कसं? मान जातो.

मैदानात जाजमं अंथरली होती, कर्णे लावले होते, आणि समोर माणसं होती अकरा. त्यांत शिवाप्पा, बसवेश, इंदुमती आणि तबलजीचा मेव्हणा धरलेला. अकरावा दादासो.

"तू तर दोन दाबलास!"

"व्हय की. डुटी हाय माझी. पण बुवास्नी नुसतं दोन दाबून न्हाय म्हणायचं बरं दिसंना, म्हटलं तोंडानं सांगून यावं." तो ओशाळला. "आलो, आन् मैदान मोकळं बघून बसलो."

बुवा गाडीतून उतरले. दोन माणसांनी धरून आणलं. मोतीबिंदूमुळं त्यांना मैदान नुसतं पांढरं दिसत होतं. त्यांनी हात जोडले आणि पहिला प्रश्न विचारला, "केरबा कुठं हाय?"

बुवा वंदनाला उभे राहिले तेव्हा गणपतराव लुना काढून दोन गल्ल्या पलीकडं पोचले होते. केरबा उंबऱ्यावर बसला होता. धुतलेलं धोतर, गुलाबी पटका, हातात काही नाही. सायकल भिंतीला. आत त्याची नात निशा, नर्सिंगला शिकणारी, मोबाइलवर काहीतरी टिपत होती.

"केरबा, चल. बुवांनी विचारलंय."

"मला वर्दी न्हाय."

"अरे, मी आलोय की बोलवायला!"

"तीस वर्सं मी समद्यांस्नी दिली. मला कुणी दिलीच न्हाय. आमीच देणारं, आमास्नी कशाला लागती?" तो अगदी शांतपणे बोलत होता. "द्या की मग. नीट द्या."

गणपतरावांनी लुना स्टँडवर लावली. बत्तीस वर्षं सरकारी सेवा केलेला माणूस उंबऱ्यापुढं उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "देवाचं बोलावणं हाय. नेसरीच्या बुवांचं कीर्तन..." आणि थांबला.

"आख्यान?" केरबानं विचारलं.

गणपतरावांना आख्यान माहीत नव्हतं.

केरबानं मान थोडी तिरकी केली. दोन गल्ल्या ओलांडून कर्ण्यातून बुवांचा फाटका सूर येत होता. "विदुराघरच्या कण्या लावल्यात," तो म्हणाला. "जावा चिटणीस, बसा जाऊन. मला हितनं ऐकू येतंय."

गणपतराव परत आले ते चोरासारखे. बुवांनी दुर्योधनाचा वाडा उभा केला होता. तोरणं, अत्तराचे सडे, सोन्याची ताटं, बोलावण्यावर बोलावणी. आणि देव त्या दारावरून पुढं निघून एका झोपडीत कण्या खायला बसलेला. "का रे बाबा?" बुवा विचारत होते, "ताटात काय कमी हुतं?" गणपतरावांना वाटलं, हे आपल्यालाच. त्यांनी मान खाली घातली. बुवा त्यांच्याकडं बघत नव्हते. बुवांना कुणीच दिसत नव्हतं. तरीही अकरा माणसांसाठी त्यांनी एक ओळ गाळली नाही, एक झील तोडली नाही. कण्यांचा पहिला घास घेताना त्यांचा आवाज अचानक मोकळा झाला, चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि त्या एका क्षणात मैदान भरलं. मग पुन्हा फाटला. दादासोची ड्यूटी केव्हाच बुडाली होती. तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता आणि शिवाप्पा तर हमसून रडत होते. ते खरं रडणं होतं, हे लिहिलंच पाहिजे.

आरती झाली आणि काहील आठवली.

तीनशे माणसांची खीर. शिवाप्पांनी डोळे पुसले. "बसवेश, सोड मेसेज."

"खीर. मैदान. डबा आणावा." बस्स, एवढंच. विसाव्या मिनिटाला मैदानात पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रसादाला वर्दी लागत नाही. त्याला नाही म्हणायचं नसतं. आक्का तर दोन डबे घेऊन आल्या, एक जावयाचा. बसवेशनं टेबलावर चढून फोटो काढले. कणीच्या खिरीला अशी गर्दी देवानंही बघितली नसेल.

बुवा गाडीत बसले होते. कालवा कानावर आला तशी त्यांनी काच खाली करायला सांगितली. समोर नुसते पांढरे ठिपके हलत असणार. त्यांनी हात जोडले.

"लोक आलेत की, गणपतराव," ते म्हणाले. "जरा उशीर झाला त्यास्नी."

"व्हय, बुवा."

गाडी गेली. आठवड्यानं कार्ड आलं, चिपळ्या ठेवल्या म्हणून. पेठ डोळे भरून बघितली, असंही त्यात होतं. हे कार्ड गणपतरावांना ज्ञानेश्वरीत ठेवता आलं नाही.

पुढच्या बैठकीत बसवेशनं कागद वाचला. पाठवले चारशे बारा, पोचले चारशे बारा. येणार दोनशे सत्त्याऐंशी, नाही एक. सोबत गर्दीचा फोटो. एका तालुक्याच्या पतपेढीनं आणि दोन शाळांनी अॅप्लिकेशन मागितलं होतं. गणपतरावांनी इतिवृत्तात लिहिलं होतं, "उपस्थिती अकरा."

"अकरा?" शिवाप्पा खरोखर चकित झाले. "चिटणीस, फोटोत बघा की!"

गणपतरावांनी फोटो बघितला. सगळ्यांच्या हातात डबे होते. त्यांनी "अकरा" वर एक सरळ रेघ मारली आणि "मोठ्या संख्येने" असं लिहून खाली सही केली. बत्तीस वर्षांत आणि पुढच्या निवृत्तीत मिळून, त्रुटी न काढता मंजूर केलेला त्यांचा हा पहिला कागद.

वैशाखात एका सकाळी गल्लीत घंटी वाजली. गणपतरावांना ती ओळखू आली. ते पेपर टाकून उठले, टोपी घातली, इंदुमतीला म्हणाले, "गूळ काढ." केरबाच्या नातीचं, निशाचं लग्न ठरलंय, हे कानावर आलं होतं. ते उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.

आक्कांच्या दारात सायकल थांबली. "देवाचं बोलावणं हाय. आमच्या निशाचं लगीन, रविवारी बाराला. समद्यांनी यायचं." आक्कांनी गूळ दिला. केरबानं तोंडात टाकला, सायकल हातात धरली आणि चालत, अगदी सावकाश, गणपतरावांच्या दारावरून पुढं गेला. पुढच्या दारात पुन्हा घंटी वाजली.

इंदुमती गुळाची वाटी घेऊन मागं उभी होती.

खिशात मोबाइल थरथरला. गणपतरावांनी चष्मा लावला. निशाच्या नंबरवरून आलं होतं, इंग्रजी अक्षरांत.

"निशाचे लग्न. रवि बारा. यावे. येणार १ दाबा. नाही २ दाबा."

गल्लीच्या टोकाला घंटी अजून वाजत होती. मग त्यांनी एक दाबला, आणि पडद्यावर अक्षरं आली: निरोप पोचला.